बालगंधर्व, १९३३ ते १९३८ : बोलपटाच्या दारात उभा राहिलेला गायक नट

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या नव्या विचाराच्या नाट्यसंस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. त्याच्या पाचच दिवस आधी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, ४५ वर्षांचे झाले होते. वर्तकांच्या या नाटकात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या होत्या. ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर होत्या, पदं मोजकी होती, दिवाणखाना खऱ्या दिवाणखान्यासारखा दिसत होता आणि प्रेक्षक वेळेत घरी जात होता. त्याच सुमारास गंधर्व नाटक मंडळी गावोगावी ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘कान्होपात्रा’ करत होती. तिथे नायिका पुरुष होता आणि वय वाढलं तरी तोच होता. ‘स्वयंवरा’त पन्नासाच्या आसपास पदं होती आणि खेळ सुटायला पहाट व्हायची.

पुढच्या पाच वर्षांत बालगंधर्वांनी तीन मोठे निर्णय घेतले. कंपनी बंद करून प्रभात या चित्रपटसंस्थेबरोबर चित्रपट केला, चित्रपट सोडून परत रंगभूमी धरली, आणि शेवटी कंपनीत नायिकेसाठी स्त्री घेतली. या पाच वर्षांची गोष्ट बहुतेक वेळा हळहळीच्या सुरात सांगितली जाते: देवमाणूस होता, व्यवहार कळत नव्हता, काळ बदलला आणि सगळं गेलं. मला ही मांडणी अपुरी वाटते. त्यात माणसाविषयी प्रेम आहे, पण त्याच्या कामाकडे नीट पाहिलेलं नाही. ते काम नेमकं कशावर उभं होतं हे पाहिलं, तर चित्रपट त्यांना का मानवला नाही आणि तबकडी का मानवली याचं उत्तर सापडतं.

किर्लोस्करांपासून स्वतःच्या मंडळीपर्यंत

भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची नायिकेची जागा रिकामी पडली. ती १९०५ मध्ये नारायण राजहंसांनी भरली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्यात हात होता आणि अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांची होती. पहिली भूमिका शकुंतलेची. १२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, त्याला चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या होत्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही संध्याकाळी ते त्या नाटकाची नायिका भामिनी म्हणून उभे राहिले, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. या प्रसंगाकडे त्यागाची कथा म्हणून पाहण्याची सवय आहे. मला त्यातून एक वेगळी गोष्टही दिसते. तिकिटं गेली होती, लोक जमले होते, आणि ‘मायबाप’ प्रेक्षक जमल्यावर खेळ करायचाच हा या माणसाच्या आयुष्याचा पहिला नियम होता. पुढे कर्जापासून चित्रपटापर्यंत सगळीकडे हाच नियम आड आला किंवा कामाला आला.

१९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीत बिनसलं. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या होत्या आणि माझ्या मते बालगंधर्वांचं गाणं खऱ्या अर्थाने इथे पूर्ण झालं. २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात ‘एकच प्याला’ झालं. नाटककार गडकरी ते पाहायला राहिले नाहीत, २३ जानेवारीलाच ते गेले होते. ठिगळाचं लुगडं नेसलेली सिंधू उभी करणारा नट तोच, जो ‘स्वयंवरा’त भरजरी शालू नेसून रुक्मिणी व्हायचा. अंगावरचे दागिने काढून घेतले तरी प्रेक्षक खिळून राहतो, हे ‘एकच प्याला’ने दाखवून दिलं.

एका पदाचं काय व्हायचं

‘स्वयंवरा’तलं यमनमधलं ‘नाथ हा माझा’ घ्या. रुक्मिणीचा आनंद या पदात आहे आणि पहिली ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणते. प्रत्येक वेळी ‘नाथ’ या शब्दावर येण्याची वाट वेगळी. कधी गंधारावरून हळूच, कधी खालून मींड घेऊन, कधी शब्द अर्धवट सोडून सुरावरच थांबून. तान येते ती शब्दाच्या पोटातून. त्यामुळे गाणं थांबवून गायकी दाखवली असं वाटत नाही, ती बाई अजून बोलतेच आहे असं वाटतं. कादरबक्षांची सारंगी मागून येणारी प्रत्येक जागा उचलून परत देते, आणि थिरकवाखाँसाहेबांसारखा तबलजी असेल तर ठेका संथ राहूनही आतून धडधडत राहतो.

मग थिएटरातून ‘वन्समोअर’ येतो. इथे खरी गंमत सुरू व्हायची. दुसऱ्यांदा तेच पद त्याच जागांनी म्हणायचं नाही हा संकेतच होता. पहिल्या वेळी कुठल्या हरकतीला पिटातून दाद आली, कुठे खुर्चीतले जाणकार हलले, हे गायकाला कळलेलं असायचं, आणि दुसरं आवर्तन त्याच्या उत्तरादाखल यायचं. तिसरं आलं तर आणखी वेगळं. नाटकाचा वेग यात मोडायचा, नव्या मंडळींची टीका होती ती नेमकी यावरच, आणि नाटक म्हणून पाहिलं तर ती टीका खरी होती. पण गाणं म्हणून पाहिलं तर समोरचा प्रेक्षक इथे साथीदार होता. सारंगीइतकाच.

या माणसाच्या कलेत तीन गोष्टी एकत्र गुंतलेल्या होत्या. एक आवाज. दुसरं रूप, म्हणजे नेसणं, पदर, मान वळवणं, आणि रंगमंच व प्रेक्षक यांच्यातल्या अंतरामुळे टिकणारा स्त्रीत्वाचा भास. तिसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षकाशी रात्रभर चालणारी देवघेव. रंगभूमीवर या तिन्ही एकाच वेळी असत, त्यामुळे कुठली किती वजन पेलते हे कुणालाच, बहुधा त्यांनाही, वेगळं काढून पाहावं लागलं नाही. १९३५ नंतर ते पाहावं लागलं.

कर्ज

भागीदार एकेक करून बाजूला झाले. १९२० नंतर कंपनी आणि तिच्या डोक्यावरचं लाखावरचं कर्ज, दोन्ही बालगंधर्वांच्या एकट्याच्या नावावर आलं. ‘द्रौपदी’ नाटकातली मयसभा उभी करायला पाण्यासारखा पैसा गेला होता. नादारी घेण्याचा रस्ता कायद्याने मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही, खेळ करून करून काही वर्षांत कर्ज फेडलं.

उधळपट्टी होती हे नाकारण्यात अर्थ नाही. खरी अत्तरं, खरी जर, रंगपटापासून पंगतीपर्यंत हात सैल. पण एका नाटक कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे काय याचा हिशेब करून पाहा. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, त्यांची कुटुंबं, सामानाचे डबे, मुक्काम हलवला की रेल्वेभाडं, प्रत्येक गावी थिएटरचं भाडं. पाऊस झाला, साथ आली, मुख्य नटाचा घसा बसला की उत्पन्न शून्य, आणि दोन वेळची पंगत मात्र चालूच. या सगळ्याला तारण काय होतं? एका माणसाचा गळा आणि चेहरा. किर्लोस्कर मंडळीने पुण्यात स्वतःचं नाट्यगृह बांधलं होतं. गंधर्व मंडळीकडे तशी स्थावर मालमत्ता उभी राहिली नाही. सगळी कमाई दर रात्री नव्याने करायची होती, तीही वयाची चाळिशी ओलांडलेल्या नायिकेच्या जोरावर. बोलपट आला नसता तरी हे गणित फार वर्षं चालणारं नव्हतं.

१९३४ मध्ये समोर काय होतं

‘आलम आरा’ १९३१ ला आला, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ ला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीचेच एके काळचे भागीदार. थिएटरांचे मालक भराभर पडद्याकडे वळत होते, कारण एका गावात बसून रोज तीन खेळ लावता येत होते आणि पंगत घालावी लागत नव्हती. पुण्याचं ते किर्लोस्कर नाट्यगृहही पुढे वसंत टॉकीज झालं. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत मंडळीने १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट काढला आणि त्यात तिची आर्थिक वाट लागली.

बालगंधर्वांपुढे मोजून चार रस्ते होते. कंपनी आहे तशी रेटायची. रंगभूमीवरच राहून पुरुषभूमिकांकडे वळायचं आणि नायिका म्हणून गायिका घ्यायची. हिराबाई बडोदेकरांनी १९३० च्या आसपास स्त्री-पुरुष एकत्र असलेली नाटकं करून हे शक्य असल्याचं दाखवलं होतं. तिसरा रस्ता मैफलीचा, आणि चौथा चित्रपटाचा.

मैफलीचा रस्ता आज आपल्याला सर्वांत सोपा वाटतो. भास्करबुवांची तालीम, नाव असं की पाटी लावायचीही गरज नाही. पण त्यांचं गाणं ख्यालाच्या मांडणीने वाढणारं नव्हतं, ते पात्राच्या मनातून वाढायचं. रुक्मिणी, सिंधू, कान्होपात्रा काढून घेतल्या तर त्या हरकती कुणाच्या म्हणून घ्यायच्या? मला वाटतं हा रस्ता त्यांनी गांभीर्याने विचारातच घेतला नसावा, आणि त्यांच्या गाण्याचा पोत पाहता ते समजण्यासारखं आहे. दुसरा रस्ता त्यांनी त्या वेळी टाळला. तो चार वर्षांनी घेतला. १९३४ मध्ये निवडला तो चौथा.

‘धर्मात्मा’

प्रभात तेव्हा नुकतीच कोल्हापूरहून पुण्याला आली होती आणि भरात होती. बालगंधर्वांशी भागीदारी झाली आणि विषय ठरला संत एकनाथांचा. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. अस्पृश्याच्या घरी जेवणारे एकनाथ आणि ‘महात्मा’ हा शब्द, दोन्ही एकत्र आल्यावर ब्रिटिश सेन्सॉरला गांधीजी आठवले आणि नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. १९३५ मध्ये तो आला. दिग्दर्शन शांतारामबापूंचं. संगीत मास्टर कृष्णरावांचं, म्हणजे भास्करबुवांचे शिष्य आणि ‘कान्होपात्रा’ला चाली देणारे घरचेच. लेखनात के. नारायण काळे होते, ते ‘नाट्यमन्वंतर’च्या मंडळींतले. ज्या नव्या विचाराने गंधर्वांच्या रंगभूमीला आव्हान दिलं, त्याच विचाराचा माणूस त्यांच्यासाठी संवाद लिहीत होता. संगीत ओळखीचं, विषय भक्तीचा, कंपनी उत्तम. यापेक्षा चांगली जुळणी त्या काळात होऊ शकली नसती, आणि म्हणून हे उदाहरण अभ्यासायला इतकं मोलाचं आहे. अपयश आलं ते वाईट दिग्दर्शकामुळे किंवा भिकार कथेमुळे आलं असं म्हणायची सोय इथे नाही.

चित्रपट म्हणून ‘धर्मात्मा’ टाकाऊ नव्हता. सामाजिक आशयामुळे त्याचं नाव आजही निघतं. पण भागीदारी त्या एका चित्रपटापुढे गेली नाही.

वरच्या तीन गोष्टी आता एकेक करून तपासू. आवाज होता. पार्श्वगायन तेव्हा रूढ व्हायचं होतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहूनच गायचं, आणि गळ्यात काही उणं नव्हतं. रूपाचा प्रश्न प्रभातने शहाणपणाने बाजूला ठेवला, कारण एकनाथ ही पुरुषभूमिका होती. जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ४६ वर्षांच्या पुरुषाची नायिका खपली नसती हे त्यांनी ओळखलं होतं. तिसरी गोष्ट मात्र पुरती नाहीशी झाली. स्टुडिओत दिव्यांच्या उकाड्यात एका तुकड्याचं चित्रण, मग थांबा, दिवे हलवा, तोच तुकडा परत. ‘परत’ हा शब्द दोन्हीकडे होता. थिएटरात तो प्रेक्षकाच्या आनंदातून यायचा आणि गाणाऱ्याने नवं काही द्यावं म्हणून यायचा. स्टुडिओत तो तंत्राच्या गरजेतून यायचा आणि आधीच्या तुकड्याशी जुळेल असं, अगदी तसंच, करावं लागायचं. ज्याने तीस वर्षं एकच ओळ दोनदा सारखी म्हटली नाही त्याला हे किती जड गेलं असेल याची कल्पना गाणाऱ्या माणसाला सहज येईल.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो: त्यांचं गाणं लांबणारं होतं, चित्रपटाला तीन मिनिटांचं हवं होतं. हा आक्षेप खोडायला त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या पुरेशा आहेत. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. त्यात समेवर येण्याच्या तऱ्हा आहेत, शब्द बोलका आहे, तान नेमकी आहे आणि शेवटही घाईचा वाटत नाही. ज्यांनी त्यांना कधीच रंगमंचावर पाहिलं नाही अशा आपल्यासारख्या किती पिढ्या या तबकड्यांवरच त्यांच्या भक्त झाल्या. म्हणजे वेळेची मर्यादा त्यांना जमत होती, उत्तम जमत होती. मग फरक कुठे? तबकडीत फक्त आवाज मागितला जातो. ऐकणारा बाकीचं सगळं स्वतःच्या मनाने भरतो: रुक्मिणी, शालू, थिएटर, रात्र. चित्रपट मात्र सगळंच दाखवतो आणि मनाला भरायला काही ठेवत नाही. शिवाय गाणारा गातो तेव्हा प्रेक्षक तिथे नसतो, आणि प्रेक्षक पाहतो तेव्हा गाणारा तिथे नसतो. तबकडीचंही तसंच आहे हे खरं, पण तबकडी कुणालाही नाटकाची आठवण करून देऊन तुलना करायला लावत नाही. चित्रपटात चालणारे-बोलणारे बालगंधर्व समोर दिसायचे, आणि लोक त्यांच्याकडून थिएटरातल्या रात्रीची अपेक्षा धरायचे.

टेंब्यांचं आणि मास्टर कृष्णरावांचं चित्रपटात बस्तान बसलं यामागचं कारणही इथेच आहे असं मला वाटतं. दोघेही चाली बांधणारे होते. त्यांची कला कागदावर आणि वाद्यावर उतरत होती, दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत होती. बालगंधर्वांची कला त्यांच्या स्वतःच्या अंगाबाहेर नेता येत नव्हती.

१९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ आला. मूळ त्यांच्याच मंडळीचं ‘अमृतसिद्धी’ हे नाटक, आणि यात मीरेच्या वेषात ते स्वतः. प्रभातने जे टाळलं होतं तेच इथे झालं. चित्रपट चालला नाही. पडद्यावर नायिका व्हायचा मार्ग कायमचा बंद झाला.

१९३८

मग ते रंगभूमीवर परतले. १९३८ मध्ये गायिका गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. गोहरबाई मुळात बालगंधर्वांच्या गायकीच्या वेड्या होत्या, त्यांची पदं त्यांच्याच ढंगाने म्हणायच्या. नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे जाऊ लागल्या. यावर जे उठलं त्यात धर्माचा, खाजगी आयुष्याचा, कंपनीतल्या मानपानाचा असा सगळा गुंता होता. जुने सहकारी दुरावले, प्रेक्षकांतला एक मोठा वर्ग दुखावला. त्या नात्याविषयी मराठीत इतकं आणि इतक्या कडवटपणे बोललं गेलं आहे की मूळ धंद्याचा मुद्दा त्यात हरवूनच गेला. तो मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नायिकेसाठी गायिका घेण्याचा हा निर्णय, व्यक्ती बाजूला ठेवली तर, पाचही वर्षांतला सर्वांत बरोबर निर्णय होता. आवाज त्यांच्याकडे होता, प्रेक्षक समोर येत होता, आणि रूपाचा जो भाग वयाने आणि काळाने सुटत चालला होता तो दुसऱ्या कलावंताकडे सोपवला जात होता. गाण्यातली देवघेव त्यामुळे टिकणार होती.

पण तोपर्यंत उशीर झाला होता, आणि उशिराची किंमत मोजता येण्यासारखी आहे. १९३३ मध्ये गंधर्व मंडळी चालू होती, साथीदार जागेवर होते. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांच्या हाती उभी होती, म्हणजे संगीत नाटकाचा प्रेक्षक टिकवणारी दुसरी मोठी कंपनी मैदानात होती. हिराबाईंमुळे स्त्री गायिकेला नायिका म्हणून पाहायची सवय लागत होती. १९३८ पर्यंत गंधर्व मंडळी एकदा मोडून पुन्हा बांधावी लागली होती, बापूराव मार्च १९३७ मध्ये गेले होते आणि त्यांच्याबरोबर ललितकलादर्शचा तो कालखंड संपला होता, बलवंत संपली होती, आणि तारखा देतील अशी थिएटरं बऱ्याच गावांत उरलीच नव्हती. गोहरबाईंना घेऊन जी नाटकं करायची ती करायला जागा शोधावी लागत होती. चित्रपटात गेलेली ती वर्षं एरवी नव्या पद्धतीच्या मंडळीची घडी बसवण्यात गेली असती, आणि ज्या प्रेक्षकाला १९३८ चा बदल धक्कादायक वाटला त्याला तो हळूहळू अंगवळणी पडायला पाच वर्षं मिळाली असती. त्या बदलाचा सगळा राग एकट्या गोहरबाईंच्या वाट्याला आला नसता हेही त्यातून झालं असतं.